गटारी आठ दिवसांवर, आणि माणूस परवाच केंद्रातून आलाय

बाकावरचा | बुधवार, रात्री ११:१०

लालबागला एका मंडळाच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी सातला आम्ही बसतो. पिणं सोडलेले, सोडू बघणारे, त्यांच्या घरचे आणि माझ्यासारखे दोन-चार रिकामटेकडे. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही, कधी प्यायलेलोही नाही. थोरला भाऊ २००९ साली गेला, यकृत संपलं होतं. तो तीनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता आणि तिन्ही वेळा आम्ही घरच्यांनी 'सुटलो एकदाचे' म्हणून हुश्श केलं होतं. माझी पात्रता म्हणाल तर एवढीच.

आता मुद्दा. आमच्यातला एकजण, त्याला तात्या म्हणू (नाव खरं नाही, तपशीलही थोडे बदललेत), ३५ दिवस केंद्रात राहून सोमवारी घरी आला. वय बेचाळीस. घाटकोपरला छापखान्यात कामाला, मालकाने जागा ठेवलीय हे नशीब. पुढच्या गुरुवारी आषाढी अमावस्या. काहींचा गुरुवार असतो म्हणून ते बुधवारी बसणार, सुट्टी सापडते म्हणून काही रविवारी बसणार. म्हणजे एका गटारीच्या तीन गटाऱ्या. तात्याच्या मेहुण्याने आधीच फोन करून सांगितलंय, 'तू पिऊ नकोस रे, नुसता मटणाला ये.'

त्याची बायको म्हणते, आठ दिवस घरात कोंडून ठेवते. आई म्हणते, जाऊ दे, आता बरा झालाय, माणसांत मिसळायला नको का?

माझ्या मते दोघींचंही चुकतंय, पण मग काय करायचं हे मलाही पूर्ण सुचलेलं नाही, म्हणून हा धागा.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. घरचे लोक केंद्रातले दिवस मोजतात, पण केंद्रात दारू सोडणं त्या मानाने सोपं असतं. तिथे दारूच नसते, खिशात पैसे नसतात, सकाळी सहाला कोणीतरी उठवतं आणि रात्री दहाला दिवा बंद. कठीण असते ती घरी आल्यावरची संध्याकाळ, सात ते नऊ. वीस वर्षं त्या दोन तासांत माणसाने एकच काम केलेलं असतं. ते काम काढून घेतलं आणि तिथे दुसरं काही ठेवलंच नाही, तर माणूस भिंतीकडे बघत बसतो. बायको त्याच्याकडे बघत बसते. मुलं दोघांकडे बघतात.

तात्याच्या बाबतीत आतापर्यंत तीन गोष्टी केल्यात.

एक म्हणजे रस्ता बदलला. करी रोडला उतरून घरापर्यंत येताना त्याला दोन बार आणि एक देशीचं दुकान लागतं, आणि तिथला पोऱ्या त्याला बघितलं की न मागता नव्वद भरायला घेतो. आता तो एक स्टेशन पुढे चिंचपोकळीला उतरून उलटा चालत येतो. दहा-बारा मिनिटं जास्त लागतात. हसू नका, या दहा मिनिटांवर मी भांडून मिळवलेला विजय आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाच फोन नंबर, कागदावर लिहून पाकिटात. मोबाइलमध्ये मुद्दाम नाही. मोबाइलच्या यादीत ते पिणाऱ्या दोस्तांच्या नंबरांत हरवतात.

तिसरी म्हणजे पगार. सात तारखेला पगार झाला की त्याने स्वतः येऊन बायकोच्या हातात द्यायचा आणि रोजचे प्रवास-चहाचे पैसे घ्यायचे. हे त्यानेच सुचवलं. आम्ही लादलं असतं तर चाललं नसतं.

गटारीचं मात्र अडलंय. कोणी अनुभव सांगेल का?


ओटा | बुधवार, रात्री ११:५२

कोंडू नका. मी कोंडलं होतं. नवरा न्हाणीघराच्या खिडकीतून उतरला, दुसऱ्या मजल्यावरून, पाइप धरून. पाय मोडला असता तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी काय काय नाही केलं? बाटल्या मोरीत ओतल्या. अर्धी काढून पाणी भरलं. रोज संध्याकाळी दारातच तोंडाचा वास घ्यायचे. एकदा लेकीने मला विचारलं, आई, तू पप्पांना हुंगतेस का गं? त्या दिवशी कळलं की हा पितो आणि मी त्याच्या पिण्यावर जगते. माझा दिवस तो घरी कसा येतो यावर उगवायचा आणि मावळायचा.

मग एकीने अल-अॅनॉनच्या बैठकीला नेलं. घरच्यांसाठी असते ती, पिणाऱ्यांची वेगळी. तिथे पहिल्यांदा ऐकलं की त्याचं पिणं मी ओढवलेलं नाही, मी ते आवरू शकत नाही आणि मी ते बरंही करू शकत नाही. घरी येताना बसमध्ये रडले. सासूबाई अठरा वर्षं म्हणत होत्या, बायको नीट असती तर पोरगा प्यायला नसता.

तात्याच्या बायकोला येत्या शनिवारी तुमच्या खोलीत बोलवा, पण तात्याच्या शेजारी बसवू नका. पगार तिच्या हातात हेही मला थोडं खटकलं. एक दिवस तो म्हणेल, माझेच पैसे मला मागायला लागतात, आणि भांडण तिच्याशी होईल. भाऊ किंवा बँक बघा.


बाकावरचा | गुरुवार, सकाळी ७:२०

ओटाताई, पगाराचं बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावाशी बोलतो.


स्पष्टवक्ता_७७ | गुरुवार, सकाळी ९:०५

राग मानू नका, पण हे सगळे लाड चाललेत. रस्ता बदला, कागद ठेवा, पगार सांभाळा. माणूस आहे की पाळण्यातलं बाळ? माझे काका पक्के पिणारे, पण श्रावण लागला की महिनाभर थेंब नाही, थेट गणपती विसर्जनानंतर. इच्छाशक्ती असली की सगळं होतं. नसली तर ३५ दिवस काय, ३५ महिने ठेवा.


नऊ_श्रावण | गुरुवार, सकाळी ९:४०

स्पष्टवक्ते साहेब, माझं नाव वाचा. मी सलग नऊ श्रावण पाळलेत, आणि श्रावण पाळता येतो हाच माझा पुरावा होता की मला व्यसन नाही. बायकोने काही म्हटलं की मी सांगायचो, महिनाभर सोडतो की नाही? मग?

श्रावणात मी काय करायचो ते ऐका. दिवस मोजायचो. कॅलेंडरवर नाही, मनात, तासांसकट. जन्माष्टमीला निम्मं झालं असायचं. विसर्जनाच्या दिवशी मूर्ती पाण्यात जायच्या आत माझी पहिली पोटात गेलेली असायची. सुटलेल्या माणसाला असं मोजावं लागत नाही. पुढच्या दोन महिन्यांत महिनाभराची कसर व्याजासकट काढायचो. दहाव्या वर्षी श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसात फिट आली. लोकांना वाटलं, उपासाने चक्कर आली.

आज बारा वर्षं झाली, दारूला हात लावलेला नाही. इच्छाशक्ती होती म्हणता? इच्छाशक्ती तर पिण्यातही होती. भर पावसात, २६ जुलैला, कमरेएवढ्या पाण्यातून क्वार्टर आणायला गेलो होतो.

बाकावरचे दादा, तुमच्या पाच नंबरांच्या कागदावरून आठवलं. १९३५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला ॲक्रन नावाच्या गावी गेला होता. सौदा फिसकटला. शनिवारची संध्याकाळ, हॉटेलची लॉबी, पाच-सहा महिन्यांपूर्वी सोडलेली दारू. एका टोकाला बार, लोकांच्या हसण्याचा आवाज, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्याने फोन उचलला आणि गावातला कोणीतरी दुसरा पिणारा शोधून द्या म्हणून विनवण्या केल्या. उपदेश करणारा नको होता त्याला, पिणाराच हवा होता. दुसऱ्या दिवशी तो एका सर्जनला भेटला, तोही गळ्यापर्यंत बुडालेला. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. तुमच्या कागदावरच्या पाच जणांत पिऊन सोडलेले किती? एकही नसेल तर कागद बदला.


बाकावरचा | गुरुवार, सकाळी १०:१५

दोन आहेत. वाढवतो.


परळचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी २:३०

वर श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी फिट आल्याचं लिहिलंय, म्हणून राहवत नाही. दरवर्षी श्रावण लागला की पहिल्या आठवड्यात असे पेशंट येतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. फिट येणार असेल तर ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतर, साधारण दोन ते चार दिवसांत, काहींना भास होतात, माणूस माणसं ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात. यात जीव जाऊ शकतो. 'सकाळची थोडी घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाही' असं म्हणणाऱ्याने देवाचं नाव घेऊन घरी एकट्याने सोडू नये. आधी डॉक्टर, मग श्रावण.

दुसरं, गल्लीतल्या दवाखान्यात अशा माणसाला ग्लुकोजचं सलाईन लावायची पद्धत आहे. जेवण तुटलेल्या पिणाऱ्याला आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दवाखान्यात गेलात तर 'बी-वन दिलं का' एवढं विचारा.

तिसरं, आणि हे हात जोडून. दारूची शिसारी आणणारी गोळी, डायसल्फिराम, ही कोणाच्याही डाळीत किंवा चहात लपवून घालू नका. बाजारात 'रुग्णाच्या नकळत द्या' म्हणून ज्या पुड्या विकतात त्याही नकोत. ही गोळी पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला ठाऊकच नाही तो सवयीने पिणार आणि रस्त्यात पडणार. ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, पण कोणाला कुठलं हे तपासूनच ठरतं.

एक आकडा देतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठल्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचं दिसलं. तात्या तो एक आहे. बाकीच्या ३७ जणांच्या घरचे हे वाचत असतील तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतोच, केस पेपरच्या पैशांत दाखवता येतं.


ओटा | गुरुवार, दुपारी ३:०२

डॉक्टर, मी घातली होती डाळीत. कोणीतरी पुडी दिली होती. दोन महिने घातली. काही झालं नाही हे त्याचं नशीब की माझं, देव जाणे. वाचून आत्ता हात गार पडले.


परळचा_डॉक्टर | गुरुवार, दुपारी ३:१०

ताई, तुम्ही एकट्या नाही. माझ्यासमोर बसून निम्म्या घरांनी हे कबूल केलंय.


मीरा_रोडची | गुरुवार, रात्री १०:२०

केंद्र निवडण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. नाव घेणार नाही. माझ्या भावाला 'उचलून नेण्याची सोय' असलेल्या एका ठिकाणी टाकलं होतं. रात्री चौघे आले, गाडीत घातलं, आईने स्वतःच्या हाताने पैसे मोजले. दीड महिना फोन नाही, भेट नाही. बाहेर आला तेव्हा अकरा किलो उतरला होता आणि पाठीवर वळ होते. तो आजही म्हणतो, दारू मी सोडीन, पण तुम्हाला माफ करणार नाही.

नंतर वाचलं, २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित आजार धरलेले आहेत. अशा संस्थेला नोंदणी लागते आणि रुग्णालाही हक्क असतात, घरच्यांशी बोलण्याचा, मारहाण न होण्याचा. आम्ही नोंदणीचा कागद मागितलाच नव्हता. तुम्ही मागा. डॉक्टर रोज येतो का विचारा, भेटीचा दिवस विचारा, आणि सुटल्यानंतर फॉलोअप कोण घेणार हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला जे गडबडतात तिथून उठून चालू लागा.


नऊ_श्रावण | गुरुवार, रात्री १०:५०

मीराताई, वाचून वाईट वाटलं. चांगल्या जागाही आहेत हो. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला सुरुवातीचं बळ दिलं. तिथे बायकांसाठी वेगळा सहचरी गट चालतो. आपल्या वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा सुरू केली, तिथे योगासनंही करून घेतात. आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकींना तर कोणीही जावं, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, शेवटी टोपी फिरते, जमेल ते टाकायचं.


पहिली_लोकल | शुक्रवार, पहाटे ५:१५

सगळे दारूवरच बोलताय. आमच्या वस्तीत पोरं गर्दवर (ब्राउन शुगर) आणि एमडीवर (मेफेड्रोन) आहेत. गर्दवाला पोरगा महिनाभर केंद्रात राहून आला की त्याचं शरीर जुना डोस विसरलेलं असतं. तो बाहेर येऊन पहिल्या दिवशी जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचतो, आणि जातो. आमच्या गल्लीतले दोघे असेच गेले, दोघेही 'बरे होऊन' आल्यावर. घरच्यांना हे कोणीच सांगत नाही. सरकारी केंद्रात जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, ब्युप्रेनॉर्फिन, रोज समोर उभं राहून घ्यायची. लोक नाक मुरडतात, एक नशा सोडून दुसरी म्हणतात. माझा मावसभाऊ तीन वर्षं त्या गोळीवर आहे आणि रिक्षा चालवून घर चालवतोय.

पोलिसांना घाबरून कोणी उपचार टाळत असेल तर अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वकिलाला विचारा. थोडा माल सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार पूर्ण करायला तयार झाला तर खटल्यापासून संरक्षण आहे, आणि उपचार अर्धवट टाकले तर ते जातं.


स्पष्टवक्ता_७७ | शुक्रवार, सकाळी ९:३०

सरळ दारूबंदी करा ना मग. विषय संपला.


बाकावरचा | शुक्रवार, सकाळी ११:४५

दारूबंदीवर वेगळा धागा काढा साहेब, तिथे भांडू. इथे एवढंच म्हणतो की जून २०१५मध्ये मालवणीला विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, आणि दारूची दुकानं तेव्हा मुंबईत उघडीच होती. गरिबाला स्वस्त हवी होती.

वहिनी आणि तात्या, दोघांशी बोललो. मेहुण्याकडे जायचं नाही, हे तात्याने स्वतः फोन करून सांगितलं. 'तब्येत बरी नाही' म्हणणार होता, आमच्या एका जुन्या सदस्याने त्याला खडसावलं, खोट्यापासून सुरुवात कशाला? मग म्हणाला, 'मी सोडलीय, मला त्या खोलीत बसणं जमणार नाही.' मेहुणा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, 'मटण डब्यात पाठवतो.' माणसं आपण समजतो तेवढी वाईट नसतात, कधीकधी.

बुधवार, गुरुवार, रविवार, तिन्ही संध्याकाळी खोली उघडी ठेवतोय. कॅरम, चहा, आणि नऊ_श्रावण येणार असतील तर त्यांचे किस्से.


नऊ_श्रावण | शुक्रवार, दुपारी १२:०५

येतो. कॅरममध्ये मात्र मी कोणालाच सोडत नाही.


बाकावरचा | मंगळवार, रात्री ११:३० (अकरा दिवसांनी)

विचारपूस करणाऱ्यांसाठी लिहितोय.

गटारी छान गेली. तिन्ही दिवस खोलीत पंधरा-वीस माणसं, मटणाचा डबा आला, तात्या तीन बोर्ड हरला आणि रात्री साडेदहाला चिंचपोकळीच्या बाजूने घरी गेला. वहिनी दारात उभ्या नव्हत्या, आत टीव्ही बघत होत्या, हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. आम्ही सगळे खूश. श्रावण लागला, आता कोण पितंय, म्हणून सोमवारी खोली बंद ठेवली. ही चूक माझी.

काल पहिला श्रावणी सोमवार. छापखान्यात अर्धा दिवस. तात्या दुपारी तीनला मोकळा झाला. त्या वेळेचा आम्ही विचारच केला नव्हता, आमची सगळी तयारी सात ते नऊची. करी रोडला उतरला. दुकानात गर्दी नव्हती म्हणे, त्यामुळे पोऱ्याशी निवांत गप्पा झाल्या.

आज सकाळी सहाला माझा फोन वाजला. 'दादा, कागदावर तुमचा नंबर पहिला होता.' एवढं बोलून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, किती? म्हणाला, दोन क्वार्टर. विचारलं, आत्ता? म्हणाला, आत्ता नाही, म्हणून तर फोन केला.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. घरचे खचलेत, आई म्हणते, ३५ दिवसांचे पैसे पाण्यात. संध्याकाळी चारजण त्याच्या घरी जाऊन बसलो. वाद एकाच गोष्टीवर झाला, आता दिवस पुन्हा एकपासून मोजायचे का. बैठकीची रीत तीच आहे आणि नऊ_श्रावण त्यावर ठाम आहेत. मी म्हटलं, तारीख नवी लिहा, पण आधीचे ४९ दिवस हा माणूस प्यायला नव्हता हे खोटं कसं ठरतं? भावाच्या वेळी आम्ही पाटी कोरी केली होती, त्याने तिसऱ्यांदा ती उचललीच नाही. तात्या मध्येच म्हणाला, तुम्ही भांडा, मी चहा टाकतो.

उद्यापासून दुपारी तीन ते पाचसाठी कोणी मोकळं आहे का? निवृत्त असाल तर उत्तमच. आणि शनिवारी येणाऱ्यांनी बोरिक पावडर आणा, गटारीत सगळी संपली.